रत्नाला बोलवा

मस्कतच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला मी निघाले, तेव्हा मुखेडच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली होती. कंडक्टर घंटी मारून राहिला होता, तरी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही. पूर्ण प्रार्थना केली आणि म्हणाले, "तिकडं जाऊन प्रभूला इसरू नको बग."

मला हसू आलं. संडेस्कूलात वचनं पाठ म्हणण्यात आमच्या मंडळीत माझा हात कुणी धरत नव्हतं. मी विसरणार? शेजारी धाकट्या भावाची नवी बायको रत्ना उभी होती. देगलूरकडची. तिला तर धड वाचताही येत नव्हतं.

मस्कतला शुक्रवारी उपासना असते. सुरुवातीला मी नेमानं जायचे. मग ड्युट्या, ओव्हरटाइम. उपदेश इअरफोन लावून, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकायचा. प्रार्थना शिफ्टला जाताना लिफ्टमध्ये उरकायची.

तिकडे मुखेडला रत्ना चर्चच्या पाळकबाईंकडे वाचायला शिकून राहिली होती. रोज एक ओळ, बोट ठेवून. एकदा व्हिडिओ कॉलवर अण्णा म्हणाले, "रत्ने, तू कर प्रार्थना." घरच्या प्रार्थनेचा तो मान माझा होता. माझ्या अंगाची लाही झाली. ती अडखळत एक वचन म्हणाली, तर मी मध्येच थांबवून तिचा उच्चार सुधारला. सगळ्यांसमोर. मुद्दाम.

मागच्या वर्षी नांदेडला अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी रजा काढून आले. रिपोर्ट पाहिले, डॉक्टरांशी बोलले. आत नेताना अण्णांचा हात धरून प्रार्थना सुरू केली, चांगली भारदस्त शब्दांत. मध्येच अण्णा म्हणाले, "रत्ना कुठं हाय? तिला बोलवा."

मी बाजूला झाले. रत्नानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "प्रभू, अण्णांला भ्या वाटून राहिलंय. तू जवळ थांब." एवढंच. अण्णांनी डोळे मिटले, श्वास संथ झाला. इतकी वर्षं पेशंट सांभाळले मी, आणि बाप घाबरलाय हे मला दिसलं नव्हतं.

बाहेर बाकावर बसल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "रत्ने, माझा बाप पण घेतलास तू."

ती माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "आक्का, त्या दिवशी तुमी फोनवर मला टोकलं ना, मला लई राग आला. तवापासून रोज सकाळी तुमचं नाव घेऊन प्रार्थनेला बसते. पहिले दोन महिने तर दात खाऊनच बसले."

"आणि आता?"

"आता बी राग येतोय एखाद्या दिवशी. म्हणून तर रोज बसावं लागतंय."

अण्णा बरे होऊन घरी आले. मी मस्कतला परतले. आता ड्युटीआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं बसते आणि पहिलं नाव रत्नाचं घेते. कधी मन लागतं, कधी नुसतं घड्याळ बघते. हेवा गेला असं लिहिलं, तर ते खोटं होईल.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, जिथं आपला मान पहिला ते घर, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, आपल्यावर रागावलेलं माणूसही जिथं प्रार्थनेतून आपलं नाव गाळत नाही, ते घर. मुखेडात रत्नानं ते माझ्यासाठी राखलं. तिला ते जमलं, मला अजून शिकायचंय. आणि खरं सांगते, याचाही मला हेवा वाटतो.