उघड्या डोळ्यांची दाढी

नाव: गोपनीय. लिंग: पुरुष. वय: त्रेचाळीस. उंची: मध्यम. बांधा: किरकोळ. व्यवसाय: केशकर्तन व तत्सम. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा. व्यसनाचा प्रकार: वेदनाशामक गोळ्या. कालावधी: अंदाजे सहा वर्षे. प्रस्तावित उपचारपद्धती: सर्वांगीण. कुटुंबाचे सहकार्य: आहे.

केंद्राच्या अर्जावर एवढं लिहून झालं तेव्हा 'छंद' हा एकच रकाना उरला होता. अर्ज भरणाऱ्या ताईंनी विचारलं, "छंद काय तुमचे?"

त्याच्या शेजारी बसलेली बायको म्हणाली, "लिहा, उभं राहणं."

ताईंनी 'व्यायाम' असं लिहिलं.

बायकोचं म्हणणं टोमणा म्हणून बरं होतं आणि माहिती म्हणून अचूक होतं. सतराव्या वर्षापासून तो एका खुर्चीमागे उभा होता. दुकान दोन खुर्च्यांचं. दाराजवळची थोरल्या भावाची, आतली याची. दोन्हींच्या समोर मिळून एकच लांब आरसा, त्याचा डावा कोपरा काळा पडलेला. काळ्या कोपऱ्यासमोर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला आपला एक कान दिसत नसे, पण आतल्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. ते आरशात बघायला येतच नसत. ते झोपायला येत.

या दुकानात दाढीची परीक्षा एवढीच होती. दोघांच्या वडिलांनी ती घालून दिली होती: गिऱ्हाईक जागं राहिलं तर हात जड पडतोय असं समजावं. दुसऱ्यांदा फेस लावेपर्यंत माणूस झोपला पाहिजे. दादाच्या खुर्चीवर माणसं डोळे मिटून शांत बसत. धाकट्याच्या खुर्चीवर घोरत. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर तर मान मागे टाकल्या टाकल्या गेलेच म्हणून समजायचे. त्यांनीच त्याला 'पीस' हे नाव दिलं. "वस्तरा फिरवतो की पीस, कळत नाही," असं ते उठल्यावर म्हणायचे, आणि मग सगळेच त्याला पीस म्हणायला लागले. रविवारी सकाळी दादाची खुर्ची रिकामी आणि पीससाठी बाकावर चार जण, असं चालायचं. दादा कात्री पुसत म्हणायचा, "झोपायला घरं नाहीत का यांना?"

हलक्या हाताची किंमत खांदा देतो. हात हलका ठेवायचा तर दंड दिवसभर वर धरून ठेवावा लागतो. पीसचा उजवा खांदा सदतिसाव्या वर्षी बोलायला लागला. डॉक्टरांनी दहा गोळ्या दिल्या. दहा गोळ्या संपल्या, दुखणं उरलं, आणि गोळ्यांची आठवण दुखण्यापेक्षा जास्त उरली. पुढच्या गोळ्या त्याने डॉक्टरांना तसदी न देता मिळवल्या. सुरुवातीला तो खांद्यासाठी घ्यायचा. मग सकाळसाठी. मग दुपारसाठी. शेवटी खांदा दुखतो की नाही हे विचारायचंही त्याने सोडून दिलं. बायकोने पावडरच्या डब्यात, बुटात, घड्याळाच्या मागे गोळ्या शोधल्या, आणि तो दर वेळी तिच्याइतकाच चकित झाला.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, मास्तरांच्या डाव्या कानाखाली वस्तरा असताना, पीस उभ्या उभ्या झोपला. गिऱ्हाइकाऐवजी कारागिराला झोप लागण्याचा दुकानातला हा पहिलाच प्रसंग. तीन टाके पडले. मास्तरांना जाग आली ती कापल्यामुळे नाही. फेसाचा आवाज थांबला म्हणून आली. "मला वाटलं, झाली," असं ते म्हणाले आणि मानेला हात लावून हाताकडे बघत राहिले.

दादाने शिवी दिली नाही. त्याने पीसच्या हातातून वडिलांचा वस्तरा घेतला, धुतला, पुसला, मिटला आणि स्वतःच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. मग तो मास्तरांना घेऊन दवाखान्यात गेला. दोनच दिवसांनी वर सांगितलेला अर्ज भरला गेला.

केंद्राचं मूळ तत्त्व असं की माणूस तुकड्यातुकड्याने बिघडत नाही, म्हणून तो तुकड्यातुकड्याने दुरुस्तही होत नाही. यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. भिंतीवर एक मोठं चाक रंगवलेलं होतं, त्याला आठ पाकळ्या: शरीर, श्वास, आहार, झोप, काम, नाती, निसर्ग, अर्थ. प्रत्येकाला असंच एक छोटं चाक कागदावर मिळे, आणि जी बाजू सुधारली तिच्यात रंग भरायचा. 'अर्थ' ही पाकळी बहुतेकांची शेवटपर्यंत कोरी राहायची, म्हणून ताईंनी तिच्यासाठी अगदी फिका रंग ठेवला होता.

पहिले बारा दिवस पीसला चाक दिसलंच नाही. डॉक्टर औषधाचं प्रमाण थोडं थोडं उतरवत होते आणि तो घामाने भिजलेल्या चादरीत पाय झाडत पडला होता. नाक गळत होतं, जांभया थांबत नव्हत्या, हाडात कोणीतरी थंड पाणी ओततंय असं वाटत होतं. तेराव्या दिवशी त्याला खुर्चीवर बसवून श्वास घ्यायला शिकवलं. त्रेचाळीस वर्षं तो चुकीचा घेत होता असं कळलं.

मग सगळंच सुरू झालं. सकाळी अंग ताणायचं, मग बिनमिठाचं सूप, मग गोल करून बसायचं आणि आपलं सांगायचं. चिखलाची मूर्ती करण्याच्या तासाला त्याने एक डोकं केलं, त्याचे कान इतके हुबेहूब झाले की ताईंनी दोनदा हात लावून पाहिला. "आता तुमच्या आतल्या लहान मुलाशी बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू, ताई? तोही चिडला असेल माझ्यावर."

'काम' या पाकळीसाठी त्याला भाजीचा वाफा दिला. वाफा तीन आठवड्यांत मेला. तेव्हा ताईंनी विचारलं, "तुम्हाला मनापासून काय येतं?"

"दाढी."

केंद्रात धारेची वस्तू आणायला बंदी होती. आरसासुद्धा काचेचा नव्हता, पत्र्याचा होता. पहिल्या महिन्याअखेर एकतीसच्या एकतीस माणसं एकाच पंथात गेल्यासारखी दिसत होती. "ती सोडून काय?" ताई म्हणाल्या.

तो म्हणाला, "डोकं दाबता येतं."

पहिलं डोकं त्याच्या खोलीतल्या ट्रकवाल्याचं. दणकट माणूस, बारा चाकं चालवणारा. पीसने त्याच्या मानेवर तेल घातलं आणि दोन्ही अंगठे खळग्यात रोवले. ट्रकवाला आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याचे खांदे हलायला लागले.

"डोळ्यात तेल गेलं रे," तो म्हणाला.

"जातं कधी कधी," पीस म्हणाला. तेल मागच्या बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी चौघांच्या डोळ्यांत तेल गेलं. मग दुपारी रांगच लागायला लागली. ताईंनी वहीत लिहिलं, 'स्पर्शोपचारात लक्षणीय सहभाग', आणि 'काम' व 'नाती' या दोन पाकळ्या एकदम भरायला परवानगी दिली.

एक गोष्ट फक्त पीसने पाहिली होती. त्याचा हात मोकळा असला की थरथरायचा. डॉक्टर दर सोमवारी पालथ्या हातावर कागद ठेवायचे आणि तो कागद पंख्याखाली असल्यासारखा हलायचा. पण हाताखाली डोकं आलं की थरथर बंद. जणू हाताला काम नसण्याचीच भीती वाटत होती. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं.

ज्याला दुखावलं त्याला पत्र लिहायचं, असाही एक तास होता. पीसने सहा कागद फाडले आणि सातव्यावर लिहिलं: 'मास्तर, कानाखाली आता कसं आहे? पीस.' भावना पुरेशा व्यक्त होत नाहीत, असं ताईंचं मत पडलं. मास्तरांचं उत्तर आलं: 'खूण राहिली आहे. त्या कुशीवर झोपताना जाणवते. बरा होऊन ये.' ते पत्र त्याने घडी करून चाकाच्या कागदात ठेवलं.

नव्वद दिवसांनी तो दुकानात आला. दादाने आतली खुर्ची पुसून ठेवली होती. "ये," दादा म्हणाला. "जेवलास?" मग त्याने पीसच्या हातात कात्री दिली, कंगवा दिला. वस्तरा खिशातच होता.

वर्ष तसंच गेलं. पीस केस कापायचा. दाढीचं गिऱ्हाईक आलं की दादा पीसच्या खांद्यावरून सांगायचा, "दाढी असेल तर इकडे." लोक निमूट दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि पीसकडे बघणं टाळायचे. पीसने केंद्रातलं काही सोडलं नाही. पहाटे श्वास, मग कालव्याच्या काठाने चालणं, मोजकं खाणं, दर गुरुवारी केंद्रात गोलात बसणं. दर महिन्याला छोट्या बाटलीतून लघवी तपासायला द्यायची असे. महिन्यामागून महिने बाटली स्वच्छ निघाली. थरथर थांबली. डॉक्टरांचा कागद आता टेबलावर असल्यासारखा हातावर पडून राहायचा.

बायको एकदा दुपारी डबा घेऊन आली आणि गेली नाही.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार की."

"यांच्या हातात नुसता कंगवा किती दिवस ठेवणार?"

"हात बरा झाला की देईन."

"झालाय. डॉक्टरांचा कागद आहे."

"कागदाला गळा नसतो."

"मग गळा असलेलं काहीतरी करा ना एकदा! हे रोज घरी येतात आणि माझ्या डोक्याला तेल लावत बसतात. माझे केस आता गळायला लागलेत."

दादा हसला. वर्षभरात पहिल्यांदा. पीस पाठमोरा उभा राहून कंगवा धूत होता, तो धुतच राहिला.

सुट्टीच्या दिवशी दादाने शटर अर्धं खाली घेतलं. त्याने स्वतः जाऊन तीन फुगे आणले होते आणि स्वतःच ते लालबुंद होऊन फुगवले. वडिलांनी दोघांना असंच शिकवलं होतं: फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने काढायचा, फुगा फुटता कामा नये. मास्तर साक्षीदार म्हणून बाकावर बसले होते, बोलावल्याशिवाय. पीसची बायको डबा घेऊन आली ती तिथेच थांबली होती.

दादाने खिशातून वस्तरा काढला. चामड्याच्या पट्ट्यावर ओढला. पीसच्या हातात दिला.

पहिला फुगा झाला. दुसरा झाला. तिसरा फुगवताना जरा जास्तच ताणला गेला होता. त्याच्यावरून वस्तरा फिरला तेव्हा फक्त फेसाचा आवाज आला. पीसने तो टॉवेलने कोरडा केला आणि दादाकडे दिला.

"वा," मास्तर म्हणाले, आणि उठून आतल्या खुर्चीकडे निघाले. "चल, आता माझी कर."

"तुम्ही बसा," दादा म्हणाला. "तुम्ही एकदा बसलात. आता माझी पाळी."

दादा आतल्या खुर्चीवर बसला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. पीसने खुर्ची मागे कलती केली, मानेभोवती कापड बांधलं, ब्रश गरम पाण्यात बुडवला. फेस लावताना पीसच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बायको दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली.

उजवा गाल झाला. उजव्या कानाखाली झालं. पिसासारखाच हात, जराही उणा नाही. दुसऱ्यांदा फेस लावायची वेळ आली.

"डोळे मिट ना, दादा."

"मिटलेत की."

मिटले नव्हते. दादाने ते मिटले. पापण्या थरथरल्या आणि पुन्हा उघडल्या. "थांब," दादा म्हणाला, त्याने एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा मिटले. वस्तरा हनुवटीखाली आला तसे उघडले. त्याने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. माणूस खरंच मनापासून प्रयत्न करत होता. कापडाखाली त्याच्या मुठी खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेल्या दिसत होत्या.

पीस थांबला. त्याने वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि कापड बाजूला सारून दादाच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

"उरलेली तू कर."

"अरे, झाली असती."

"हो," पीस म्हणाला. "झाली असती."

दादाने आरशासमोर उभं राहून डावी बाजू स्वतः केली. हनुवटीपाशी थोडं लागलं. पीसने तुरटी पुढे केली. मास्तरांनी फुगे मोकळे केले, त्यांतली हवा सुटण्याचा आवाज फारच वेळ चालला. बायको रिकामा डबा उचलून घरी गेली.

वर्षाच्या अखेरीस केंद्राने पाठपुराव्याचा अर्ज भरला. व्यसनमुक्ती: कायम. हाताचा कंप: नाही. आठही अंगांत समाधानकारक प्रगती. कुटुंबाचे सहकार्य: आहे. पुनर्वसन: पूर्ण, व्यक्ती पूर्वीच्या व्यवसायात पूर्णतः रुजू. त्याचं चाक नमुना म्हणून चौकटीत बसवून प्रतीक्षा-खोलीत लावलं आहे. 'अर्थ' ही पाकळी फिक्या रंगाने भरलेली आहे.

आतल्या खुर्चीवर दाढी होत नाही.