लोखंड काढून ठेवलं ती दुपार

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली प्रतिसादात वाद नको. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की लोक स्कूटर बाजूने काढतात. मी मुद्दाम वरून नेतो. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे ‘कसले तरी आवाज’ यायला लागले की मला बोलावतात, आणि आजवर दर वेळी तो एक तर पाण्याचा पंप निघालाय नाहीतर उंदीर. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो. कुणाला यात उंदीर सापडला तर नक्की सांगा.

मी नितेश. नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, बायको सुप्रिया आणि बाबा. नोकरी एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळण्याची, आणि छंद ड्रोनचा. आयता घेतलेला नाही बरं का. सुटे भाग मागवून स्वतः सोल्डर करून जोडलेला, अडीचशे ग्रॅमच्या आतला. बाबा त्याला ‘तुझा भुंगा’ म्हणतात.

बाबा मूळचे वसईच्या खाडीकाठचे. खाडीलगत भाताची खारी शेती होती, ती विकून हा फ्लॅट घेतला. शेती गेली, आवाज मात्र बांधावरचाच राहिला. आई होती तेव्हा म्हणायची, “हे हाक मारतात आणि पलीकडच्या गावातली म्हैस दूध चोरते.” बाबांना डायबेटीस आहे, रोज सकाळी इन्सुलिन. वेळेवर खाल्लं नाही की साखर धाडकन उतरते. मागच्या वर्षी तुळिंजच्या बाजारात भेंडी निवडता निवडता खाली बसले — घामाने चिंब, मला ओळखेनात. तेव्हापासून त्यांना घेऊन कुठेही निघालं की सुप्रिया गूळ आणि बिस्किटं सोबत देते. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं त्या गुळावर येऊन थांबतं.

मे महिना, रविवार. आदल्या दिवशी मी डायनिंग टेबलावर ड्रोन कॅलिब्रेट करत बसलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आत फ्लाइट कंट्रोलर म्हणून एक छोटं बोर्ड असतं, तो ड्रोनचा मेंदू. सपाट म्हणजे काय, उलटं म्हणजे काय, हे त्याला आधी शिकवावं लागतं. म्हणून ड्रोन सरळ, पालथा, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर असा ठेवत जायचं. सुप्रिया म्हणाली, “माझे पापडसुद्धा मी एवढे उलटेपालटे करत नाही.” मग रिमोट. त्याच्या दोन्ही दांड्या चारी कोपऱ्यांत टोकापर्यंत फिरवायच्या, म्हणजे तुमचा हात किती लांब जातो ते मेंदूला कळतं. हे सगळं झकास झालं. राहिला कंपास, म्हणजे आतलं होकायंत्र, आणि तो मोकळ्या जागेतच करावा लागतो.

“मी पन येतो,” बाबा म्हणाले. “आपलं शेत होतं तिकडंच जा. जुनं मिठागर हाय, मोकळं रान.”

वसईच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला हे मिठागर बरीच वर्षं बंद आहे. चौकोनी वाफे, त्यात खारं पाणी आणि चिखल, आणि वाफ्यांच्या मधून मातीचे बांध. सगळे बांध सारखे, सगळे वाफे सारखे. खूण अशी एकच — भरतीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला फळ्यांचं एक दार असतं, उघाडी म्हणतात तिला. ती मोडकी उघाडी सोडली तर सगळं सपाट.

सकाळी लवकर निघायचं म्हणून उशीरच झाला, पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. बांधाच्या तोंडाशी करंजाचं झाड आहे, त्याच्या सावलीत स्कूटर लावली, बाबांना बसवलं. बाबांना दाखवायला म्हणून तिथेच एकदा ड्रोन उडवला. वर गेला, आणि गोल गोल फिरायला लागला, घिरट्या मोठ्या मोठ्या करत. झटकन उतरवला. कंपास चुकलेला होता, आणि त्यात जवळ स्कूटरचं लोखंड. म्हटलं, जरा आत जाऊन कॅलिब्रेट करतो. नियम असा, की कंपास करताना अंगावर लोखंड, मोबाइल काही नको. मी किल्ल्यांचा जुडगा काढला, बकलाचा पट्टा काढला, फोन काढला, आणि सगळं बाबांच्या मांडीवर ठेवलं.

बाबांचा चेहरा उतरला. “लोखंड काढून ठेवतोस? भर दुपारी? खाडीत?”

“बाबा, चुंबकाचा प्रश्न आहे.”

“आमी कोयता घेतल्याबिगर कदी आत गेलो नाय. निदान किल्ली तरी ठेव खिशात. चकवा लागतो हितं.”

“चकव्याला सांगा, नितेश येतोय.”

ड्रोन आणि रिमोट हातात घेतले, सॅक पाठीला लावली आणि निघालो. आणि त्या सॅकमध्ये स्पेअर बॅटरीच्या शेजारी, सुप्रियाने भरलेल्या डब्यात, गूळ होता. पाच मिनिटांचं काम म्हणून लक्षातच आलं नाही.

उघाडी ओलांडून थोडा पुढे गेलो. रिमोटच्या दांड्या ठरलेल्या कोपऱ्यात दाबल्या, ड्रोनचा दिवा लुकलुकायला लागला. मग ड्रोन हातात धरून स्वतःभोवती फिरायचं — नाक वर करून, नाक खाली करून, आडवा धरून. लहान मुलं गरागरा फिरतात तसा मी त्या उन्हात फिरलो. दिवा स्थिर झाला. काम फत्ते. परत निघालो.

उघाडी आली. ती मागे टाकली. आता करंज दिसायला हवं होतं. बांध जरा वळला... आणि समोर उघाडी.

म्हटलं, डोकं गरगरतंय, चुकीच्या बांधाला लागलो असेन. दुसरा बांध धरला. पुन्हा उघाडी. तीच, वरची फळी तुटलेली, तिच्यावर वाळलेलं शेवाळ. तिसरा बांध. उघाडी. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली, त्यामुळे दिशा कळायला मार्ग नाही. फोन बाबांच्या मांडीवर. लांबच्या बिल्डिंगा उन्हाच्या वाफेत अशा हलत होत्या की एक बाजू दुसरीसारखी. चारी बाजूंना मोकळं आभाळ, आणि मी मात्र बंद खोलीत कोंडल्यासारखा. एवढ्या उघड्या जागी माणसाचा जीव घुसमटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आणि मग गूळ आठवला. बाबा सकाळी घाईत अर्धीच भाकरी खाऊन निघाले होते. आता कितीतरी वेळ झाला होता.

“बाबाऽऽ!” ओरडलो. उत्तर नाही.

तेवढ्यात ते दिसले. दोन-तीन वाफ्यांपलीकडे बांधावर उभे होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा. मला हात करत होते — ये, ये. जीव भांड्यात पडला. मी तिकडे निघालो, त्यांच्यावरची नजर न काढता. बांध वळला, क्षणभर पायाकडे बघितलं, आणि वर बघतो तर समोर उघाडी. बाबा तेवढ्याच अंतरावर. हात करत.

म्हटलं, बांध गेले खड्ड्यात. सरळ वाफ्यात उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. पाय काढायला जावं तर तो आणखी ओढायचा. एक बूट आत गेला तो गेलाच. ड्रोन आणि रिमोट डोक्यावर धरून कसाबसा बांधाला लागलो, पालथा पडून धापा टाकत राहिलो. बाबांनी लहानपणी सांगितलेलं आठवलं — चकवा लागला की सदरा उलटा घालायचा. हसू नका. मी टी-शर्ट काढला आणि उलटा घातला. काहीही झालं नाही. लेबल तेवढं मानेमागे बाहेर फडफडत राहिलं.

मग डोक्यात आलं, हातात ड्रोन आहे की! त्याची बॅटरी मी काढलेलीच नव्हती. ड्रोन पहिल्यांदा जिथून उडतो ती जागा तो जीपीएसवरून, बॅटरी काढेपर्यंत, ‘घर’ म्हणून लक्षात ठेवतो, आणि रिमोटचा सिग्नल तुटला की आपोआप त्या घराकडे जातो. त्याचं घर करंजाखाली होतं, बाबांजवळ. मी त्याला वर चढवला, श्वास रोखला आणि रिमोट बंद केला.

ड्रोन जागच्या जागी थांबला. हळूच वळला. आणि निघाला... बाबा उभे होते त्याच्या बरोबर उलट्या दिशेला.

समोर बाबा. आता दोन्ही हात करत होते. पाठीमागे भुणभुण, लांब जाणारी. कंपास मीच आत्ता केलेला, भोवंडलेल्या डोक्याने. तो चुकला असेल तर? मी यंत्रामागे जायचं आणि माझा बाप तिकडे साखर उतरून चिखलात पडायचा? मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. मी पुन्हा हाक मारली, “बाबा, काहीतरी बोला!” ते बोलले नाहीत. नुसता हात.

तिथेच मला लख्ख कळलं. उभ्या जन्मात माझ्या बापाने कुणाला नुसता हात करून बोलावलेलं नाही. स्वयंपाकघरातून हॉलमधल्या माणसाला बोलावताना खिडक्या हलतात. तो माणूस एवढ्या वेळात मला एक शिवी न घालता उभा राहील?

मी त्याच्याकडे पाठ केली. मंडळी, बापाच्या रूपाकडे पाठ करून चालायला लागणं म्हणजे काय, ते सांगता येत नाही. प्रत्येक पावलाला वाटत होतं, पाप करतोय. मागे वळून बघितलं नाही. वर आभाळात तो काळा ठिपका, त्याच्यावर डोळे. बांध वळला तसा वळलो. ठिपका खाली उतरला, आवाज बंद झाला. उघाडी आली नाही. करंज आलं.

ड्रोन स्कूटरच्या पुढच्या चाकाशी धुळीत उतरला होता. बाबा झाडाला टेकून बसलेले, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे, हात थरथरताहेत. मुठीत माझ्या किल्ल्या इतक्या घट्ट धरलेल्या की बोटं सोडवावी लागली. गूळ भरवला, पाणी पाजलं, मग बिस्किटं. हळूहळू डोळे माझ्यावर स्थिर झाले. आणि मला बघून ते दचकले.

“तू हिकडून कसा?”

“म्हणजे?”

“तू तर तिकडं होतास.” त्यांनी खाडीच्या बाजूला, पार उलटीकडे बोट दाखवलं. तिथे बांध संपतो आणि नुसती खाडी आहे. “कवाधरनं हात करतोस मला. ये, ये. दोनदा उठलो मी.”

“मग आला का नाहीत?”

“पाय उचलेनात. आनि...” त्यांनी किल्ल्यांकडे बघितलं. “तू हाक नाय मारलीस. नुसता हात करत होतास. म्हटलं, माझा पोर बोंबलल्याबिगर राहील काय? म्हनून ही मुठीत धरली नि बसलो.”

मी खाडीकडे बघायला मान वळवली, तर त्यांनी माझा हात धरला. “बघू नको. गाडी काढ.”

घरी आल्यावर मी नेहमीचं काम केलं, उंदीर शोधला. कंपास तपासला, उत्तर उत्तरेलाच होती. मला जे दिसलं ते ऊन आणि मृगजळ. बाबांना जे दिसलं ते उतरलेली साखर. दोन्ही पटतं. पण दोघांना, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांची रूपं दिसावीत, आणि दोन्ही मुकी असावीत... इथे माझं गाडं अडतं. बाबांकडे मात्र उत्तर तयार आहे: “भुंग्याच्या पोटात लोखंडाचे स्क्रू हायत. म्हनून तो सुटला.” यावर मी पूर्वी अर्धा तास वाद घातला असता.

तेव्हापासून आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. बेल वाजवली तरी बाबा दार उघडत नाहीत. बाहेरून “बाबा, मी नितेश” असं मोठ्याने ओरडावं लागतं. मजल्यावरचे लोक हसतात. हसू देत.

गेल्या महिन्यात माझा घसा बसला. संध्याकाळी घरी आलो, सुप्रिया बाहेर गेलेली, माझी किल्ली घरात राहिलेली. बेल वाजवली. पावलं दारापर्यंत आली. मी तोंड उघडलं, नुसती हवा आली. दाराला डोळा आहे, त्यातून ते बघत असणार, म्हणून मी हात केला. मीच आहे, उघडा.

कडी निघाली नाही. मग बारीक किणकिण ऐकू आली, किल्ल्यांचा जुडगा कुणी मुठीत आवळावा तशी.

सुप्रिया येईपर्यंत मी जिन्यात बसून राहिलो. रागावलो नाही. पुन्हा हातही केला नाही.