परातीत न मावलेलं आभाळ

डिसेंबरच्या मध्याला दोन-तीन रात्री तारे फार तुटतात, हे शेतात पाणी धरताना मी दर साली पाहत आलो आहे. यंदा त्याच सुमाराला अमावास्या आली. तोरणमाळवर जाऊन पाहावं, असं मी ओसरीवर बोललो, तशी आक्का म्हणाली, "भाऊ, माले बी ली चाल."

आक्का माझी थोरली बहीण. दुखण्यानं तिची पाठ वाकली ती वाकलीच. मान वर होत नाही, उताणं निजवत नाही, कुशीवर वळलं तर दम लागतो. कित्येक वर्षं तिनं जमीन आणि माणसांची पावलं एवढंच पाहिलेलं. तिला तारे कसे दाखवायचे, सुचेना. पण नाही म्हणवलं नाही.

लोणखेड्याहून पहाटे घरचीच गाडी जुंपली. शहादा मागे पडलं की दोन्हीकडे दादर ज्वारीची शेतं आणि समोर सातपुडा. पायथ्यापुढे गाडी जात नाही. तिथे तट्टू भाड्यानं मिळतं. भाडं आधी ठरवून घ्यावं. घोंगड्या माणशी दोन हव्यात. आक्का तट्टावर, मी पायी. वाटेतल्या झऱ्यावर दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली.

वर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शहाद्याच्या बाजारातला ओळखीचा पावरा शेतकरी रूपसिंग, त्याच्या अंगणात उतरलो. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ त्यानं आग्रहानं वाढली.

अंधार दाटला आणि तारे तुटू लागले. "तो बघ" म्हणता म्हणता मी जीभ चावली. आक्का खाली बघतच हसली, "तोंड मिटी ले, तारा तोंडमा पडी जाई."

मग तिनंच परात मागितली. "गऱ्हन आपण परातमा दखतस, मंग तारा काब्र नही?"

ग्रहण पाहायला भरतो तसं परातीत पाणी भरलं. मूठभर चांदण्या त्यात येऊन बसल्या, पण तुटणारा प्रत्येक तारा परातीच्या बाहेरूनच जाई. आक्का वाट पाहत बसली. आमचं ते वाकून बसणं पाहून रूपसिंगची बायको त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाली नि हसली. त्यानं उलगडून सांगितलं: एवढं मोठं तळं आहे, परातीत काय शोधता?

हात धरून आक्काला तळ्यावर नेलं, काठच्या खडकावर बसवलं. पण वारा सुटला होता. पाण्यातल्या चांदण्यांचा चुरा होत होता. एवढ्या लांब आणून तिला रित्या हातानं न्यायचं का, या विचारानं मी मनातल्या मनात तोरणमाळच्या गोरखनाथाला विनवलं.

वारा पडला. पाणी निवळलं आणि सगळं आभाळ तिच्या पायांशी आलं. इतक्यात पाण्यात एक रेघ उठली, तिच्या पावलांपासून पलीकडच्या काठाकडे. मागोमाग दुसरी. आक्कानं माझं मनगट घट्ट धरलं.

"तुटी नही ऱ्हायनात रे भाऊ," ती हलकेच म्हणाली, "चढी ऱ्हायनात."

तारा निखळला की कोणी गेलं, असं समजून आम्ही हात जोडतो. मीही जोडले होते. ते तसेच ठेवून मी खाली पाहिलं. खरंच चढत होते.

घरी परतल्यावर शेजारणी तिला तारे कसे दिसले ते विचारायला आल्या. आक्कानं त्यांनाही तेच सांगितलं. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान डोलावली.

आता रात्री शेतात पाणी धरलं की माझी नजर आधी वर जात नाही. पाटातलं पाणी थांबलं आहे का, ते मी पाहतो.