डाव्या हाताला ब्रेक नव्हता

मंडळी, आज सकाळी घडलेलं सांगतोय.

आमची लेक मधुरा आयटीत आहे. कामाच्या कटकटीतून विरंगुळा म्हणून तिने मित्राची जुनी डर्ट बाइक घेतली. मी गाड्या खोलून-जोडूनच शिकलेला माणूस, त्यामुळे तिला शिकवायची हौसही माझीच.

कात्रजच्या पुढे एका उताराच्या माळावर गेलो. टोकाला खडीची जुनी खाण आहे. "डावा लिव्हर दाबून धर आणि बटण दाब," एवढंच मी सांगितलं. गाडी न्यूट्रलला आहे की गिअरमध्ये, हे बघितलंच नाही.

गाडी सुरू झाली आणि मधुराने डावा सोडला. पंधरा वर्षं कोथरूडात स्कूटर चालवलेली पोर, तिला सुरू झाली की डावा सोडायची सवय. गाडी उडी मारून निघाली. घाबरून तिने पुन्हा डावाच आवळला. स्कूटरवर तो ब्रेक असतो, इथे तो क्लच, इंजिनपासून चाक सोडवणारा. गाडी उतारावर मोकळी सुटली, थेट खाणीकडे.

"मधू, उजवा दाब गं, उजवा," ओरडत मी मागे धावलो. काठापासून दोन हातांवर ती घसरत थांबली.

"बाबा, डाव्याला ब्रेक नसतो हे सांगायचं नाही का?"

मला क्लच इतका अंगवळणी पडलाय, की तो सांगावा लागतो हेच सुचलं नाही.

ती उद्या परत जाऊ म्हणते. आधी बंद गाडी ढकलत ब्रेकने थांबायला शिकवायचं, मग सुरू करायला, असं ठरवलंय खरं. पण तिला अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही हो म्हणाला असता का?