दोन घोट चहा आणि सहा-सहा झेरॉक्स

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. बूट अजून पायात आहेत, फाइल मांडीवर आहे आणि मी टाइप करत सुटलोय – शब्द चुकले तर चुकले. पाच वर्षं ही गोष्ट मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती. आज लिहिली नाही तर कधीच लिहिणार नाही, माझं मला माहितीय ना.

आधी आनंदाची बातमी घ्या. आज सकाळी डॉक्टर मॅडमनी माझा स्कॅन उजेडाकडे धरला, बघितला आणि म्हणाल्या, पाच वर्षं झाली, कुठे काही नाही, आता वर्षातून एकदा तोंड दाखवायला ये. संपलं! तेविसाव्या वर्षी मानेला गाठ आली होती, आता अठ्ठावीस पूर्ण. केस परत आले – आधीपेक्षा कुरळे. नंदेसरीच्या फॅक्टरीतली नोकरी परत मिळाली. आणि सिगरेट? सुटली. कायमची. मी जिंकलो हो. हे सगळं खरं आहे, अगदी शंभर टक्के.

फक्त कधी सुटली, ते खोटं आहे.

म्हणजे काय झालं, मॅडम फॉर्म भरत होत्या. एक रकाना असतो – सिगरेट कधी सोडली. मी तोंड उघडायच्या आत मागच्या खुर्चीतून आई म्हणाली, ‘लाभ पाचमला, मॅडम. पहिल्या केमोच्या आधी. एका दिवसात.’ आणि मग ती नेहमी जे पुढे सांगते ते पण सांगितलं – शेजाऱ्यांना सांगते, मावशीला सांगते, सोसायटीच्या गणपतीत माइकवर पण सांगितलंय – ‘माझ्याकडून एकदा दोन घोट झाले. ह्याच्याकडून एकदाही नाही.’

मॅडमनी लिहून घेतलं. मी मान हलवली. पाच वर्षं मी तीच मान हलवत आलोय.

कसले दोन घोट, ते सांगतो. त्यासाठी आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे काही सोडायचं असलं तर एकट्याने सोडत नाहीत. घरातलं अजून कुणीतरी आपलं आवडतं काहीतरी सोबतीला सोडतं. आजोबांनी तपकीर सोडली तेव्हा आजीने लोणचं सोडलं होतं म्हणे. ह्याला आम्ही जोडी म्हणतो. आणि जोडीचा नियम एकच – एकाचं मोडलं की दोघांचं मोडलं. दुसऱ्याने कितीही पाळलेलं असो, धरायचं नाही.

तर लाभ पाचमेचा दिवस. दिवाळीनंतर बडोद्यातली दुकानं परत उघडतात ना, त्या दिवशी मॅडमनी सांगितलं, की ह्या औषधांचा फुप्फुसावर ताण येतो, त्यात तू सिगरेट ओढलीस तर मी काही करू शकणार नाही. मी तिथेच खिशातून पाकीट काढलं, चुरगाळलं आणि त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. एकदम हिरो. आईचे डोळे भरून आले. बाहेर बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, ‘आजपासून माझा चहा बंद. तुझ्या जोडीला.’

माझी आई आणि चहा – तुम्हाला कल्पना नाही. सकाळी उठल्यावर एक, बाबांचा भरूचहून फोन आला की एक (ते तिथे नोकरीला, शनिवारीच घरी येतात, म्हणजे हॉस्पिटलच्या फेऱ्या आईच्या आणि माझ्याच), मग भांडी झाल्यावर, मग शेजारच्या काकींसोबत, मग दुपारी, मग परत. ती म्हणायची, मी मेल्यावर तोंडात गंगा नको, आल्याचा चहा घाला. त्या बाईने चहा सोडला. एका मिनिटात.

आणि मी?

मी नऊ दिवस टिकलो – असं सांगायला आवडलं असतं. पाच दिवस टिकलो.

पहिली केमो झाली होती. तोंडात सारखी किल्ली धरल्यासारखी चव. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, होती आणि त्याच्या शेजारीच झेरॉक्सचं दुकान. आई केस पेपरच्या रांगेत उभी. मी म्हटलं, रिपोर्टची झेरॉक्स काढून आणतो, लागेल. गेलो. एक ओढली. जळालेल्या रबरासारखी लागली, खरं सांगतो, काही म्हणजे काही मजा नाही. तरी शेवटपर्यंत ओढली. मग बडीशेप खाल्ली, हात धुतले, आणि झेरॉक्स पण काढली – कारण झेरॉक्सला गेलो होतो ना.

मग हे रोजचं झालं. हॉस्पिटलच्या दिवशी झेरॉक्स. घरी असलो की पण झेरॉक्स – हरणीत आमच्या सोसायटीच्या बाहेर पण एक दुकान आहे, आणि अर्थात एक गल्ला. माझ्या फाइलमध्ये एकेका रिपोर्टच्या सहा-सहा झेरॉक्स आहेत. आज मॅडमची असिस्टंट फाइल उघडून हसायला लागली, एवढ्या कशाला? तर आई कौतुकाने म्हणाली, माझा मुलगा फार व्यवस्थित आहे. ती फाइल आत्ता माझ्या मांडीवर आहे. जाडजूड. माझ्या खोटेपणाचा ढीग आहे तो, आणि त्याला पंच करून, दोरी बांधून, कव्हर घालून दिलंय ते आईनेच.

अजून मुद्द्याचं सांगितलेलं नाही. कळतंय मला. तुम्ही म्हणाल, अरे तेवीस वर्षांचा होतास, घाबरला होतास, चोरून ओढलीस – होतं. हो ने? एवढंच असतं तर मी आज बूट न काढता हे लिहीत बसलो नसतो.

चहा सोडल्यावर आईचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला ओढणी घट्ट बांधून ती पोळ्या लाटायची. मी सोफ्यावर पडून बघायचो. ती हसून म्हणायची, तुला तर ह्याच्या दसपट त्रास होत असेल रे, आणि तू एक शब्द बोलत नाहीस. मी खरंच एक शब्द बोलत नव्हतो.

आणि मग एका दुपारी – दुसऱ्या केमोनंतरचा आठवडा असेल – ती शेजारच्या काकींकडून आली आणि माझ्या पायाशी बसली. रडत होती. म्हणाली, काकींनी कप हातात दिला, माझं लक्ष नव्हतं, सवयीने तोंडाला लावला. दोन घोट गेल्यावर कळलं. म्हणाली, ‘मंदार, माझ्याकडून मोडलं रे. तुला काही होणार नाही ना?’

मी त्या दिवशी सकाळी दोन ओढल्या होत्या. पाकीट माझ्या खिशात होतं, मांडीला टोचत होतं.

आणि मी काय केलं माहितीय? मी चिडलो. खोटं खोटं नाही – खरंच चिडलो. मी म्हटलं, ‘आई, मी मरायला टेकलोय आणि तुला दोन घोट आवरले नाहीत?’

हे. हे सांगायचं होतं.

मी तिला उठवलं नाही. डोळे पुसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलो. का म्हणून? आजही नीट कळत नाही. कदाचित तेवढा वेळ तरी घरात चूक दुसऱ्या कुणाचीतरी होती. बरं वाटलं मला. हो, बरं वाटलं. ती दुसऱ्या दिवशी काही जेवली नाही, आणि त्यानंतर चहाच्या वासाला पण उभी राहिली नाही. पाच वर्षं. काकींकडे गेली तर खिडकीशी बसायची. आणि जोडी तर माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात मोडली होती, तिला फक्त कळवलेलं नव्हतं.

मग खरी सुटली कशी? ही गोष्ट पण सांगायलाच हवी, कारण त्यात एक माणूस आहे.

केमोला माझ्या शेजारच्या खुर्चीत जयेशभाई असायचे. फतेगंजच्या स्टँडवर रिक्षा चालवायचे, घशाचा कॅन्सर, शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होता आणि सोबत केमो. बिडी सुटत नव्हती. पण माणूस असा, की दर वेळी मॅडमना खरं सांगायचा – आज चार, आज तीन, काल सहा. आणि मॅडम दर वेळी माझ्याकडे बोट दाखवायच्या, ह्या मुलाकडे बघा, एका दिवसात सोडली. एकदा जयेशभाईंनी मला विचारलं पण, कसं केलंस? मी त्यांना मन घट्ट करा वगैरे सांगितलं. मी! दहा मिनिटं बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

उत्तराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी, वासी उत्तराणला, आमची दोघांची केमो होती. सगळं शहर गच्चीवर, लाउडस्पीकर, वर पतंग कापल्याचा, ‘काप्यो छे’चा आरडाओरडा. मी झेरॉक्सला म्हणून मागच्या गल्लीत गेलो. झेरॉक्सचं दुकान बंद होतं – मला ते बघून पण परत फिरावंसं वाटलं नाही. गल्ला अर्धा उघडा. मी पेटवली, वळलो, तर समोर जयेशभाई, हातात बिडी.

मला वाटलं, आता हा माणूस मला सोलून काढणार. तसा हक्क होता त्याचा. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बसलेल्या आवाजात म्हणाले, ‘हाश. मने एम के हुं एकलो ज नबळो छुं.’

मला वाटायचं, मी एकटाच दुबळा आहे. एवढंच म्हणाले. मला तर शिव्या परवडल्या असत्या.

तिथे उभ्या उभ्या मी त्यांना आमच्या घरातल्या जोडीचं सांगितलं. ते म्हणाले, मग आपण दोघं करू, आणि दोघांनी एकच वस्तू सोडायची, म्हणजे कुठे दुखतं ते दोघांना ठाऊक. माझं पाकीट आणि त्यांचं बंडल तिथल्या गटारात गेलं. ह्या वेळी बघायला कुणी नव्हतं, हिरोगिरी नव्हती. तलफ आली की मिस्ड कॉल द्यायचा, दुसऱ्याने फोन करायचा आणि तलफ जाईपर्यंत बोलत राहायचं, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात आम्ही पतंग, मांजा, रिक्षाचा क्लच, माझी न झालेली लग्नं, सेव-उसळीत तर्री किती हवी – काय वाट्टेल ते बोललो. एकदा शेक घेऊन त्यांचा आवाजच गेला होता, तर मी एकटा बोललो आणि ते फोनवर टिचक्या वाजवत होते.

आणि सुटली! दोघांची सुटली. ते पण बरे झाले, आवाज फाटका राहिला, पण रिक्षा चालू आहे. दर वासी उत्तराणला मिस्ड कॉल येतो. मी फोन करतो. ते विचारतात, एके नहीं, एक पण नाही? मी म्हणतो, एके नहीं. मग ते हसतात, फाटक्या आवाजात, आणि मला त्या दिवशी छाती फुगल्यासारखी वाटते. अजून पण. आत्ता लिहिताना पण.

पण घरी आम्ही लाभ पाचम साजरी करतो. आई पेढे वाटते.

आज घरी येताना आई स्कूटरवर मागे बसली होती. तिचा हात माझ्या खांद्यावर. फार खूश होती, मावशीला काय सांगायचं ते ठरवत होती. मी सिग्नलला थांबलो आणि पुढे बघतच बोलून टाकलं. सगळं. झेरॉक्स, गल्ला, वासी उत्तराण. समोर बघून बोललो कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती – ते पण कबूल. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, मी निघालो.

तिचा हात खांद्यावरून निघाला. तिने मागची स्टेपनी धरली.

हरणी येईपर्यंत तशीच धरून होती. सोसायटीच्या गेटात उतरली आणि विचारलं, ‘मी दोन घोट प्यायले तेव्हा?’

‘तेव्हा पण,’ मी म्हटलं. ‘त्या सकाळी दोन ओढल्या होत्या.’

ती वर गेली. मी मागोमाग. चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात. काकींकडून चहा पावडर मागून आणली – आमच्या घरात पाच वर्षं नव्हती. आलं किसलं. एकच कप केला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि माझ्याकडे न बघता पूर्ण प्यायली. मधे एकदाच बोलली, ‘साखर जास्त झाली. हात विसरला.’

मी माफ कर असं पण म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने? तेवीस वर्षांचा होतो, आजारी होतो – हे सगळं तिला माहिती आहे, तीच तर शेजारी बसलेली होती.

कप विसळून झाल्यावर तिने पाठमोरी विचारलं, तुझी खरी सुटली ती कुणाच्या जोडीने? मी जयेशभाईंचं नाव सांगितलं. ‘त्यांना वासी उत्तराणला जेवायला बोलाव,’ ती म्हणाली. ‘बायको-मुलांना पण.’ मावशीला फोन केलेला नाही अजून. माझ्याशी पण त्याच्यापुढे बोललेली नाही. आत्ता दुसरा चहा ठेवलाय, आल्याचा वास इथपर्यंत येतोय, मला विचारलेलं नाही. पाच वर्षांनी आमच्या घरात हा वास आलाय. काय सुंदर वास असतो हो.

बास. मला काही नको आहे, समजूत नको, शाबासकी पण नको. एकच विचारतो – तुमच्या बाबतीत असं झालंय का कधी? की ज्या गोष्टीसाठी तुम्ही कुणाला तरी रडवलंत, तीच गोष्ट त्या वेळी तुमच्याच खिशात होती?