बाबांच्या चालींची कॅसेट

बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा मी डॉक्टरांना एकच मूर्ख प्रश्न विचारला, "मग ते गाणार कसे?" डॉक्टर म्हणाले, "अगं, आधी जगू तर दे त्यांना." खरंच होतं. पण अंबरनाथच्या केमिकल कंपनीत बाबा जायचे ते पोटासाठी. जगायचे ते बुवापाड्यातल्या भजनी मंडळात. भल्याभल्यांच्या डोक्यावरून जातात अशा निर्गुणाच्या अभंगांना त्यांनी चाली लावल्या होत्या. पंधरा-वीस तरी असतील, आणि कागदावर एकही नाही. सगळ्या त्या गळ्यात, आणि तो गळा पुढच्या आठवड्यात जाणार होता.

मी वेड्यासारखी धावपळ केली. कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराने टेपरेकॉर्डर दिला, वर "बेटी, नई कॅसेट डालना" असं बजावलं. रविवारी दुपारी मंडळी आमच्या खोलीत जमली. टेप मी बाबांच्या मांडीला लावून ठेवला आणि सगळ्यांना हात जोडले, "आज मला फक्त बाबांचा आवाज हवाय. तुम्ही अगदी हळू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता भजनाची रीत अशी, की बुवांनी ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलायची. बुवांचा श्वास अपुरा पडतोय असं दिसलं, तर ओळ संपायची वाट बघायची नाही, आधीच उचलायची. बुवांना उघडं पडू द्यायचं नाही. आणि त्या दिवशी बाबांचा आवाज दर दुसऱ्या शब्दाला फाटत होता! तो फाटला रे फाटला, की दहा गळे आणि दहा जोड टाळ धाडकन अंगावर. मी खुणा केल्या, डोळे वटारले, शेवटी ओरडलेच, "अहो, गाऊ द्या ना त्यांना!" जांभूळ गावचे पखवाजवाले काका कळवळून म्हणाले, "पोरी, बुवा थकलेत गं. आमी हाव ना."

काय बोलणार, कप्पाळ! डोळ्यांत पाणी घेऊन गात होती ती माणसं, आणि मला एकेकाच्या हातातले टाळ हिसकावून घ्यावेसे वाटत होते. पाचव्या चालीला बाबांना रक्ताची गुळणी आली. मी टेप बंद केला. पुन्हा गायचं त्राण त्यांच्यात आलंच नाही.

ऑपरेशननंतर महिन्याभराने बाबांनी खुणेनेच कॅसेट मागितली. बोलायला त्यांच्याकडे आता पाटी होती. मी कॅसेट लावली. टाळ, पखवाज, मागचे दहा गळे, कसं रंगलेलं भजन! बाबा मांडीवर ताल धरून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. तरी अख्खी बाजू त्यांनी ऐकली, मग पाटीवर लिहिलं, "यात मी कुठंय?"

मी टेप मागे घेतला, एका आवाजापाशी बोट दाखवून म्हटलं, "हा काय बाबा, हा तुमचाच की." तो शेजारच्या फिटरकाकांचा आवाज होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाटी पुसून टाकली.