आकाराम पोस्टमन आणि सहा वाड्यांचं पाणी

“आवं डाक्टर, कापायचं तेवढं सोडून काय बी सांगा. दोन म्हयनं घरी बसलो तर माजी बीट दुसऱ्याला देत्यात, आन् मला ठेवत्यात शिक्कं मारायला.”

सांगलीच्या दवाखान्यात बाकड्यावर कमरेत वाकून बसलेला आकाराम पोस्टमन हे बोलला, तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडलेली होती आणि डावी कूस कुणी पिळा घालून पिळावी तशी दुखत होती. कवठे महांकाळातनं एस्टीनं तो आला, तो दोन बाकांच्या मध्ये उकिडवा बसूनच. कळीनं बाकावर टेकायचीही सोय नव्हती.

डॉक्टर जयपालनी एक्स-रे उजेडात धरला. “हा बघ मुतखडा. हरभऱ्याच्या डाळीएवढा. दिवसात पाणी किती पितोस?”

“सकाळी निघताना तांब्याभर. सांजला आल्यावर तांब्याभर.”

“आणि चालतोस किती?”

“चौदा मैल. निम्मा चढ.”

“मधे काही पितोस?”

“न्हाई.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “अरे, औताचा बैलसुद्धा दुपारी पाण्यावर जातो. अंगातलं सगळं पाणी उन्हात घामावाटे जातं, लघवी घट्ट होते आणि गाळ बसतो आत. एक महिना देतो. चालताना घोट घोट पीत राहायचं. लघवी पाण्यासारखी दिसली पाहिजे. ताप आला किंवा लघवी अडली तर तसाच उठून ये. महिन्यात खडा पडला नाही, तर टेबलावर घेणार.”

“हुलग्याचं माडगं प्यालो तर?”

“पी की. पण ते माडगं राहू दे, आधी पाणी पी.”

पोस्टमास्तर नाथाजीनंही तेवढीच मुदत दिली. “म्हयनाभर बीट तुजी. फुडचं मला सांगू नगंस.”

आता हा गडी मधे पाणी का पीत नव्हता, ते सांगायला पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या बीटीतल्या, म्हणजे टपालाच्या फेरीतल्या, डोंगरातल्या सहाही वाड्यांच्या बाया दोन-दोन मैलांवरनं डोक्यावर पाणी आणायच्या. आकारामला ते दिसायचं. त्यानं कुणाला न सांगता मनाशी ठरवलं, की ह्यांच्या घागरीतला घोटही आपल्या पोटात जाऊ द्यायचा नाही. “पानी घ्या” म्हटलं की “न्हाई, आत्ताच प्यालोय” म्हणायचा आणि पत्र वाचून दाखवायचा. दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, पण ह्याचं ‘आत्ताच प्यालोय’ काही सरलं नाही. शहात्तरचा चैत उजाडला तरी तेच. सहा वाड्यांत त्याला ठाऊक नाही असं घर नव्हतं. कुणाचा ल्योक कुठल्या पलटणीत आहे, कुणाची लेक नांदत नाही, सगळं त्याला पाठ. पत्रात वाईट बातमी असली की आधी म्हातारीला खाली बसवायचा आणि मगच वाचायचा. त्या बीटीवर त्याचा जीव होता, आणि टेबलाशी बसून शिक्के मारणं म्हणजे त्याच्या लेखी जिवंतपणी खुंट्याला बांधून घेणं.

म्हणून त्यानं पाणी भरलेला सुका भोपळा खांद्याला लावला. पण भोपळा दुसऱ्या वाडीलाच रिकामा व्हायचा आणि खरा चढ पुढंच होता. असे आठ दिवस गेले. लघवी हळदीसारखी पिवळी ती पिवळीच. दारात जाऊन पाणी मागायला जीभ रेटेना. नवव्या दिवशी तिसऱ्या वाडीच्या बौद्धवस्तीजवळ कळ आली आणि गडी बाभळीखाली मटकन बसला. जरा बरं वाटल्यावर पहिलं दार लागलं ते रंगूबाईचं. तिचा ल्योक लष्करात. त्याची पत्रं आकारामच वाचायचा.

“रंगूमावशी, पानी घाला वाईच.”

म्हातारी चौकटीतच उभी राहिली. “कुनाला? तुमास्नी?”

“मलाच.”

“आमच्या घरचं चालतंय व्हय तुमाला?”

आकारामनं गोंधळून तिच्याकडं बघितलं.

“तसं बगू नगासा,” रंगूबाई म्हणाली. “चार वर्सं दारात हुबं ऱ्हाऊन कागुद वाचताय. दर खेपंला इचारलं, दर खेपंला आत्ताच प्यालोय. ह्या डोंगरात कुठं प्यालासा? आमाला काय कळत न्हाई? बाटायचं भ्या, दुसरं काय.”

कुशीतली कळ परवडली असती. “मावशी, आईशप्पत, तसं न्हाई,” म्हणत त्यानं दुष्काळातलं सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं.

“मग तवाच सांगायचं हुतं. मनात ठिवून आमाला काय कळनार?”

“चुकलं माजं.”

ती तांब्या घेऊन आली आणि सवयीनं वरनं धार धरायला वाकली, म्हणजे त्यानं खाली ओंजळ धरायची. आकारामनं ओंजळ धरली नाही. तिच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. “आनिक,” म्हणाला. असे तीन झाले.

“आवं, हिरीत तरी ठिवा!” रंगूबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

त्या दिवसापासनं सहाही वाड्यांत दारोदार पाणी सुरू झालं. मुतखड्याची बातमी त्याच्या टपालाच्या आधी डोंगर चढली. तोंडातनं वावगा शब्द न काढणारा हा माणूस, आणि बाया बांधावरनं ओरडून विचारायच्या, “पोस्टमन, पडला का वो?” कान लाल व्हायचे, पण पठ्ठ्या थांबायचा, पाणी प्यायचा आणि “न्हाई अजून” असं सांगून पुढं निघायचा. ज्या उन्हात शेरडं सावली सोडत नव्हती, त्या उन्हात एकही दिवस टपाल चुकलं नाही.

सव्विसाव्या दिवशी चौथ्या वाडीच्या अलीकडं अशी कळ आली, की त्यानं बाभळीच्या बुंध्याला मिठी मारली. घडीभरानं, डॉक्टरांनी लघवी करताना धरायला सांगितलेल्या फडक्यात करवंदाच्या बीसारखा काळपट, खरबरीत खडा पडला. त्यानं तो बोटांत धरून उन्हात बघितला. एवढ्याशा ऐवजापायी बीट जात होती! एक सणसणीत शिवी हासडून त्यानं खडा फडक्यात बांधला. बीट राहिली.

वाडीत शिरताच विहिरीवरनं साळूबाई ओरडली, “पोस्टमन, पडला का?”

“पडला!”

“मग आता पानी बंद?”

“बंद कशापायी? डाक्टर म्हनतोय, न्हाई प्यालास तर दुसरा धरतोय. वता.”

तो प्याला, मिशा पुसल्या आणि पिशवीतनं तिचं पत्र काढलं. वाचून झालं तसा उठला. वरच्या दोन वाड्या अजून राहिल्या होत्या, आणि शेवटच्या वाडीत एक रजिस्टर पत्र द्यायचं होतं. पिशवी खांद्यावर सारून तो चढाला लागला.